कर्नल विल्यम लॅम्बटन व त्यांचे गणक

आमच्या विद्यार्थ्यांस संगणक हें यंत्र आतां नवीन राहिलेलें नाहीं. शाळेंत तें आहे, तहसील कचेरींत आहे, बँकेंत आहे, आणि पुष्कळांच्या खिशांतील दूरध्वनींतही तेंच लहान रूपानें बसलेलें आहे. परंतु हें यंत्र आंत काय करतें असें विचारलें असतां बहुतेकांचें उत्तर येतें कीं, तें सर्व कांहीं जाणतें. हा मोठा भ्रम होय. संगणक कांहींही जाणीत नाहीं. त्याला जें दिलें जातें तें तो घेतो, जपून ठेवतो, सांगितलेल्या नियमानें त्याजवर एकामागून एक क्रिया करतो, आणि आलेलें फळ आपल्या हातीं देतो. घेणें, ठेवणें, गणणें व देणें या चार क्रियांपलीकडे त्याची विद्या नाहीं. आमच्या जंगलांत तेंदूपानांच्या हंगामांत पुडे मोजून घेणारा मुनशी हेंच करतो. तो पुडे मोजतो, वहींत मांडतो, दरानें गुणतो आणि मजुरी सांगतो. मोजतांनाच तो चुकला, तर पुढचा गुणाकार कितीही बिनचूक असो, मजुराच्या पदरीं खोटीच रक्कम पडते.

यंत्र नव्हतें त्या काळीं हीं सर्व कामें माणसें करीत. इंग्रजी भाषेंत कंप्यूटर हा शब्द यंत्राच्या पूर्वीं माणसांसच लावीत असत, आणि आपल्याकडील गणक या जुन्या शब्दाचा अर्थही तोच. हिंदुस्थानांत अशा गणकांच्या हातून जें सर्वांत मोठें कार्य घडलें, त्याचा पाया घालणाऱ्या पुरुषाचें देहावसान आमच्या जिल्ह्यांच्या अगदीं शेजारीं झालें. चंद्रपूरहून वर्ध्याकडे जाणारी आगगाडी भांदक व वरोरा मागें टाकून ज्या हिंगणघाटावरून जाते, तेंच हें गांव. त्या पुरुषाचें, म्हणजे लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

लॅम्बटन यांचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास इंग्लंडांतील यॉर्कशर परगण्यांत, नॉर्दॅलर्टन गांवाजवळ, सामान्य स्थितीच्या कुटुंबांत झाला. लहानपणापासून गणितांत त्यांची गति उत्तम होती. १७८१ सालीं ते सैन्यांत शिरले व पुढें ३३ व्या पलटणींत दाखल झाले. त्यांच्या आयुष्याचीं कित्येक उमेदीचीं वर्षें हल्लींच्या कॅनडा देशांतील न्यू ब्रन्सविक प्रांतांत, शिपायांच्या बराकींची व्यवस्था पाहण्याच्या साध्या नोकरींत गेलीं. तेथील दीर्घ हिंवाळ्यांत त्यांनीं गणित व खगोलशास्त्र यांवरील मोठमोठे ग्रंथ अभ्यासिले. सूर्यग्रहण पाहत असतां त्यांच्या एका डोळ्याची दृष्टि गेली. परंतु पाहण्याची हौस गेली नाहीं. चाळिशी उलटल्यावर, १७९७ सालीं, ते आपल्या पलटणीबरोबर कलकत्त्यास आले. तोंपर्यंत त्यांचें नांव जगास मुळींच ठाऊक नव्हतें.

१७९९ सालीं श्रीरंगपट्टणच्या मोहिमेंत एका काळोख्या रात्रीं जनरल बेअर्ड यांची तुकडी वाट चुकली. लॅम्बटन त्या तुकडींत होते. त्यांनीं आकाशाकडे पाहिलें आणि तुकडी उत्तरेस परत जाण्याऐवजीं दक्षिणेस, थेट शत्रूच्या तळाकडे चालली आहे असें जनरलसाहेबांच्या कानीं घातलें. प्रथम त्यांच्या म्हणण्यावर विश्वास बसला नाहीं. पण होकायंत्र काढून पाहतां लॅम्बटन यांचेंच खरें ठरलें व तुकडी वांचली. तारे सर्वांनाच दिसत होते. त्यांच्या स्थितीवरून दिशेचा निर्णय काढण्याचा नियम मात्र एकालाच ठाऊक होता. नुसतें दिसणें आणि दिसलेल्याचा हिशेब करणें यांत अंतर आहे तें हें.

म्हैसूरचें युद्ध संपल्यावर लॅम्बटन यांनीं सरकारपुढें एक योजना मांडली. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची सांखळी घालून देशांतील मुख्य स्थळांचें परस्परांपासूनचें अंतर निश्चित करावें, आणि त्याच ओघांत पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे याचाही शोध घ्यावा, अशी ती योजना होती. त्यांच्या पलटणीचे कर्नल आर्थर वेलस्ली यांनीं ती उचलून धरली व ती मंजूर झाली. तरी टीकाकार उरलेच. मद्रासच्या एका हिशेबी अंमलदारानें म्हटलें कीं, कोणास श्रीरंगपट्टणास जावयाचें असेल तर त्यानें आपल्या पालखीच्या भोयांस तसें सांगावें म्हणजे झालें; त्यासाठीं लॅम्बटनच्या नकाशाचें कारण काय? हा आक्षेप वरवर पाहतां अगदीं व्यवहाराचा वाटतो. वाट भोयांस खरोखरच ठाऊक होती. परंतु ती त्यांच्या पायांत होती, कागदावर नव्हती. तीवरून दुसऱ्या कोणास दुसरें कांहीं काढतां येत नव्हतें. जी माहिती अंकांत उतरते, तीच सांठवितां येते, पडताळतां येते व दुसऱ्याच्या हातीं देतां येते.

यंत्रांची कथाही मनोरंजक आहे. मोजणीची पोलादी सांखळी मूळ चीनच्या बादशहास नजर करण्यासाठीं पाठविलेल्या वस्तूंपैकीं होती. तेथें ती नाकारली गेली व फिरत फिरत हिंदुस्थानांत आली. कोन मोजण्याचें थिऑडोलाइट नांवाचें प्रचंड यंत्र, ज्याचें वजन सुमारें अर्धा टन होतें, इंग्लंडाहून येत असतां फ्रेंचांच्या लढाऊ जहाजानें वाटेंत धरून मॉरिशस बेटास नेलें. तें विद्येच्या उपयोगाचें आहे हें पाहून तेथील फ्रेंच गव्हर्नरानें तें सन्मानपूर्वक परत पाठविलें. दोन राष्ट्रें एकमेकांचे गळे कापीत असतांही विद्येचा मान कसा राहतो याचें हें उदाहरण विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तारीख १० एप्रिल १८०२ रोजीं मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथें पहिली आधाररेषा मोजण्यास आरंभ झाला. ही रेषा सुमारें साडेसात मैल लांबीची होती, आणि सांखळी अवघी १०० फूट. म्हणजे सुमारें चारशें वेळां सांखळी मांडावयाची व उचलावयाची. तीही नुसती जमिनीवर टाकावयाची नाहीं; लांकडी पेट्यांत, तिवयांवर, अगदीं समपातळींत ठेवावयाची, वर तंबूची सावली धरावयाची, आणि जवळ उष्णतामापक ठेवून प्रत्येक वेळीं अंश टिपावयाचा. याचें कारण असें कीं, पोलाद उन्हानें वाढतें. फॅरनहाइटच्या एका अंशानें शंभर फुटांची सांखळी अगदींच थोडी वाढते. पण तीच चूक चारशें वेळां सांठली म्हणजे साडेसात मैलांत सुमारें तीन इंचांचा फरक पडतो. आमच्या वाचकांस तीन इंच म्हणजे कांहींच वाटणार नाहींत. परंतु या एका रेषेवर पुढें शेंकडों मैलांचा हिशेब उभा राहावयाचा होता, आणि पायांतील चूक शिखरापर्यंत वाढत जाते हें लॅम्बटन जाणून होते.

आतां या अंकांवर क्रिया कशी होई तें पाहूं. आधाररेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीवरील निशाण पाहावयाचें व दोन्हीं टोकांशीं होणारे कोन मोजावयाचे. एक बाजू व दोन कोन कळले म्हणजे त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू भूमितीच्या नियमानें निघतात; त्या पायानें मोजाव्या लागत नाहींत. मग त्या निघालेल्या बाजूसच नवीन आधाररेषा समजून तिजवर दुसरा त्रिकोण, दुसऱ्यावर तिसरा, अशी परंपरा चालते. एका क्रियेचें उत्तर तेंच पुढच्या क्रियेचें दान. हल्लींचा संगणक आपलें काम असेंच पायरीपायरीनें करतो. त्याच्या कोणत्याही मोठ्या पराक्रमाच्या पोटांत अशा लहान लहान पायऱ्यांचीच रांग असते.

परंतु मोजलेला अंक जसाच्या तसा वापरण्यासारखा नसतो. किरण हवेंतून येतांना वांकतात, त्याची दुरुस्ती करावी लागे. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें मोठ्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांहून किंचित् अधिक भरते. सुमारें ७६ चौरस मैलांच्या त्रिकोणांत ही वाढ एका विकलेची असते. तीही हिशेबांत धरावी लागे. लॉगॅरिथमचीं कोष्टकें समोर ठेवून, मोठमोठ्या गुणाकारांच्या बेरजा करून, गणक रात्रंदिवस हें काम करीत. पुढें या खात्याच्या गणक कचेरींत अशी रीतच पडली कीं, एकच हिशेब दोन गणकांनीं एकमेकांस न दाखवितां करावा व दोहोंचीं उत्तरें जुळलीं तरच तें खरें मानावें. लॅम्बटन यांची स्वतःची कसोटी याहूनही कठोर होती. कांहीं अंतरावर ते पुन्हां एक आधाररेषा प्रत्यक्ष सांखळीनें मोजीत आणि गणितानें आलेल्या लांबीशीं ती ताडून पाहत. १८०४ सालीं बंगळुराजवळ असें ताडून पाहतां मद्रासपासून त्रिकोणांनीं आणलेली लांबी व प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत अवघ्या कांहीं इंचांचा फरक निघाला.

याचें पहिलें मोठें फळ असें दिसून आलें कीं, मद्रास व मंगळूर या दोन किनाऱ्यांमधील अंतर जुन्या नकाशांत सुमारें ४०० मैल दाखविलें होतें, तें प्रत्यक्षांत सुमारें ३६० मैल निघालें. द्वीपकल्पाची चाळीस मैल रुंदी कागदावरून नाहींशी झाली. कोणाची जमीन गेली नाहीं. गेली ती केवळ एक चूक.

१८०८ सालीं तंजावरास बृहदीश्वराच्या उंच देवळावर थिऑडोलाइट चढवीत असतां दोर तुटला आणि तें यंत्र भिंतीवर आदळून त्याचें मोठें चक्र वांकलें. सर्वांस वाटलें कीं मोजणी आतां संपली. लॅम्बटन यांनीं कोणास दोष देत न बसतां स्वतःच्या हातांनीं सुमारें सहा आठवडे खपून तें चक्र पुन्हां वर्तुळाकार केलें. त्याच यंत्रानें पुढें कित्येक वर्षें काम चाललें.

मोजणी हळूहळू उत्तरेकडे सरकत गेली. १८१५ सालीं ती बेदरास पोंचली. १८१७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें लॅम्बटन यांस आपले सभासद करून घेतलें. १८१८ सालीं या कामास भारताची महात्रिकोणमितीय मोजणी असें नांव मिळालें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्ज एव्हरेस्ट नांवाचे तरुण अधिकारी मदतीस आले. आमच्या सिरोंच्याजवळून जी गोदावरी वाहते, ती व कृष्णा या दोन नद्यांमधील दाट रानांत १८१९ च्या पावसाळ्यांत एव्हरेस्ट यांची टोळी तापानें आडवी झाली. एव्हरेस्ट स्वतः मरतां मरतां वांचले. कित्येक नोकर वांचले नाहींत. त्या खलाशांचीं, निशाण धरणारांचीं व रान तोडून दृष्टीस वाट करून देणारांचीं नांवें कोणत्याही नकाशावर नाहींत. गडचिरोलीच्या रानांत हिंवतापानें काय होतें हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस या वाक्यांचा अर्थ अधिक सांगावयास नको.

लॅम्बटन आतां सत्तरीच्या घरांत आले होते. वीस वर्षें तंबूंत काढलेलें शरीर खोकल्यानें पोखरलें होतें. तरी मोजणी वऱ्हाडाच्या मुलुखांत शिरली तेव्हां आपण तिच्या मागें हैदराबादेस बसून राहावें हें त्यांस रुचलें नाहीं. ठाणें नागपुरास हलवावें म्हणून ते उत्तरेच्या वाटेस लागले. वर्धा नदीच्या प्रदेशांतून ते हिंगणघाटापर्यंत आले, आणि तेथें, नागपूर सुमारें पन्नास मैल उरलें असतां, जानेवारी १८२३ मध्यें त्यांचें प्राणोत्क्रमण झालें. तेथेंच त्यांस मूठमाती देण्यांत आली व त्यांचें थडगें तेथेंच आहे. ज्यांनीं दुसऱ्यांचीं स्थळें पृथ्वीवर इतक्या बारकाईनें निश्चित केलीं, त्यांची स्वतःची जागा मात्र फारच थोड्यांस ठाऊक आहे.

कार्य मात्र थांबलें नाहीं, कारण तें माणसाच्या डोक्यांत नसून वह्यांत सांठविलेलें होतें. त्या वह्या उघडून एव्हरेस्ट पुढें चालूं लागले व १८४१ पर्यंत कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतची सुमारें दीड हजार मैलांची मोजणी पुरी झाली. लॅम्बटन यांच्या हाताखालीं तयार झालेले जोशुआ डी पेनिंग कलकत्त्याच्या गणक कचेरीचे मुख्य झाले. १८३१ सालीं या खात्यांत राधानाथ शिकदार नांवाचे अठरा वर्षांचे बंगाली तरुण गणक म्हणून लागले व पुढें मुख्य गणकाच्या पदास चढले. हिमालयाच्या एका शिखराकडे शंभर मैलांहून अधिक अंतरावरील सहा ठिकाणांहून पाहून जे कोन टिपले होते, त्यांचा हिशेब १८५२ सालीं शिकदार यांच्या हातून झाला आणि तें शिखर जगांत सर्वांत उंच ठरलें. १८५६ सालीं त्याची उंची २९,००२ फूट अशी जाहीर झाली. २०२० सालीं नव्या साधनांनीं ती ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारें २९,०३२ फूट ठरविण्यांत आली. कागद, टांक व कोष्टकें यांच्या बळावर केलेल्या हिशेबांत हजारांत सुमारें एकाचाच फरक पडला. शिखरास नांव मिळालें तें एव्हरेस्ट यांचें. ज्यानें गणलें त्याचें नव्हे. शिकदार पेन्शन घेतल्यावर कलकत्त्याच्या जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन या मिशनच्या विद्यालयांत गणित शिकवूं लागले, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस विशेष अभिमानाची वाटते.

लॅम्बटन आपल्या अखेरच्या प्रवासाच्या तयारींत होते त्याच सुमारास, १८२२ सालीं, लंडनमध्यें चार्ल्स बॅबेज यांनीं दांतेरी चाकांच्या एका गणनयंत्राचा लहान नमुना करून दाखविला. छापील कोष्टकांत माणसांच्या हातून चुका राहतात, त्या टाळाव्या हा त्यांचा हेतु होता. पुढें त्यांनीं याहून मोठ्या यंत्राची कल्पना केली. तींत अंक सांठविण्याचें कोठार निराळें व अंक दळण्याची गिरणी निराळी होती. तें यंत्र त्यांच्या हयातींत पुरें झालें नाहीं, परंतु आजच्या संगणकाची रचना याच दोन भागांवर उभी आहे. फरक इतकाच कीं, चाकांच्या जागीं विजेचा प्रवाह आला. विजेस एक ते दहा मोजतां येत नाहीं; तिला चालू व बंद या दोनच अवस्था ठाऊक. चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. तेवढ्यानेंही सर्व अंक लिहितां येतात. तेरा म्हणजे आठ, चार व एक यांची बेरीज. म्हणून आठाचें घर चालू, चाराचें चालू, दोहोंचें बंद व एकाचें चालू असें ठेवलें कीं ११०१ हा तेराचा आंकडा झाला. अक्षरें, चित्रें, गाणीं, सर्वांस असेच आंकडे नेमून देतात. मग दोन आंकडे मिळवावयाचे, दोहोंत मोठा कोणता तें पाहावयाचें, आणि तो मोठा असेल तर अमुक करावयाचें, नाहीं तर तमुक, एवढ्याच हुकुमांवर तें यंत्र एका क्षणांत कोट्यवधि पायऱ्या चढतें. शिकदार यांस जें करण्यास महिने लागले, तें तें डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं करील. परंतु निशाण नीट पाहिलें होतें कीं नाहीं, हें त्या यंत्रास कधींही कळणार नाहीं.

येथें एक गोष्ट सांगणें न्यायाचें आहे. ही मोजणी केवळ विद्येसाठीं झाली नाहीं. कंपनी सरकारास सैन्य नेण्यास व सारा बसविण्यास नकाशा हवा होता. ज्या १८१८ सालीं मोजणीस तें मोठें नांव मिळालें, त्याच सालीं चांद्याचा किल्ला इंग्रजांनीं तोफा डागून घेतला. माहिती ज्याच्या हातीं, सत्ता त्याच्या हातीं, हें तेव्हांही खरें होतें व आजही खरें आहे. म्हणून आमच्या जंगलांची, जमिनींची व माणसांची माहिती आज ज्या यंत्रांत भरली जाते, तीं यंत्रें कशीं चालतात हें येथील मुलामुलींनीं स्वतः शिकून घेणें अगत्याचें आहे. जो गणूं शकतो, तोच दुसऱ्याचा हिशेब तपासूं शकतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कांहीं जण उद्यां वनखात्यांत जातील, कांहीं दवाखान्यांत, कांहीं कचेऱ्यांत. आणि प्रत्येकाच्या पुढें हें यंत्र असेल. तुम्ही एखाद्या झाडाचा घेर, एखाद्या बाळाचें वजन किंवा एखाद्या शेताचें क्षेत्र त्यांत भरतां, तेव्हां सांखळीचें टोक तुमच्या हातीं असतें. गणण्याचें काम आतां यंत्र करील. तें दमत नाहीं व कंटाळत नाहीं. पण पहिला अंक खरा लिहिण्याचें काम अद्यापि माणसाचेंच आहे. एका डोळ्यानें पाहणाऱ्या एका म्हाताऱ्या शिपायानें मद्रासच्या उन्हांत चारशें वेळां सांखळी मांडून तें केलें, आणि एका अंशाचीही हयगय केली नाहीं. तेवढी काळजी आपल्या हातून घडली, तर यंत्र देईल तें उत्तर विश्वासास पात्र ठरेल.